बंद पडलेली जुनी लष्करी जीप पुन्हा चालती करायची: स्टार्टर सगळ्यात शेवटी

वर्षातून दोन-तीन वेळा तरी मला हा फोन येतोच. कुणाच्या तरी मामाच्या शेडमध्ये नाहीतर गावाकडच्या गोठ्यात जुनी विलीज जीप सापडलेली असते, पंधरा-वीस वर्षं जागेवर उभी, गडी जाम खूश, आणि पुढचं वाक्य ठरलेलं: "बॅटरी लावली, पेट्रोल टाकलं, फिरेना म्हणून ट्रॅक्टरला दोरी बांधून ओढली, कट्कन आवाज आला." त्या कट्कनमध्ये पिस्टनच्या रिंगा गेल्या असतात, कधी पिस्टन पण. जी गाडी चाळीस हजारात चालू झाली असती तिचा खर्च तिथेच दुप्पट.

म्हणून हे क्रमाने लिहितोय. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या दोन जीप धरून लिहिलंय, त्यांचं इंजिन एकच, २.२ लिटरचं चार सिलिंडर साइड व्हॉल्व्ह (म्हणजे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या बाजूला). महिंद्राची सीजे-३बी असेल तर बहुतेक गोष्टी लागू पडतात पण तिचं इंजिन वरून वेगळं आहे (इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये), तेवढं ध्यानात ठेवा. काम सुरू करायच्या आधी टीएम ९-८०३ हे अमेरिकन सैन्याचं १९४४ चं मॅन्युअल मिळवा आणि प्रिंट काढून गॅरेजमध्ये लटकवा, ग्रीसचे हात लागले तरी चालेल असं.

## १. पैसे द्यायच्या आधी: नंबर, कागद, रंग

आधी खाली वाका आणि रेडिएटरखालचा चासीचा पुढचा आडवा दांडा बघा. गोल पाइप असेल तर चासी विलीजची, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्डची. फोर्डचा नंबर डाव्या चासी रेलच्या वरच्या अंगावर पुढच्या बाजूला ठोकलेला असतो, ग्रीस आणि रंगाच्या थराखाली, तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय दिसत नाही. विलीजची पट्टी डाव्या रेलच्या आतल्या बाजूला बंपरमागे रिव्हेट केलेली, आणि ती बऱ्याचदा गायबच असते. आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त गाड्या खिचडी आहेत, फोर्डची चासी, विलीजचं इंजिन, बॉडी कुठल्यातरी पत्रेवाल्याने बनवलेली. त्यात वाईट काही नाही, पण किंमत खिचडीची द्या, पुलावाची नको.

नंबर आरसी बुकाशी जुळतोय का ते स्वतः बघा. मालक "जुळतो हो" म्हणाला म्हणून सोडून देऊ नका. मध्ये कधीतरी डिझेल इंजिन घुसवलं असेल (तसं बऱ्याच जीपना झालंय) तर ते आरसीवर चढलंय का बघा.

जुलै २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आहे, नंबरात "व्हीए" अक्षरं येतात. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली हवीत, चासी-बॉडी-इंजिनात मोठे बदल नकोत. फी नव्या नोंदणीला २० हजार, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. त्या नोंदणीवर रोजची वापराची गाडी करता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरायला जाणं एवढंच. डिझेल घातलेली जीप इथे अडकणार हे गृहीत धरा.

सावध: ज्या रंगासाठी तुम्ही हा उद्योग करताय तोच रंग चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ नंबरचा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या गाडीशिवाय कुठल्याही मोटारीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. लोक हजारो रुपयांचा रंग मारतात आणि मग पहिल्याच नाक्यावर थांबतात. वाळूसारखा पिवळट किंवा राखाडी रंग घ्या. आणि रंग बदलला की आरसीवर पण बदलून घ्यायचा.

## २. उघडायच्या आधी: फोटो, पाने, उलटे आटे

फोटो किती काढायचे असं विचारतात. तुम्हाला मूर्खपणा वाटेल इतके काढा. प्रत्येक वायर, प्रत्येक पाइप, प्रत्येक वॉशरचा क्रम. नट-बोल्ट एका डब्यात गोळा करायचे नाहीत, छोट्या झिपच्या पिशव्या आणि आत कागदाची चिठ्ठी.

जीपला इंची पाने लागतात. आपल्या गॅरेजात मिलिमीटरचे पाने असतात आणि अर्ध्या इंचाच्या नटावर तेराचा पाना "बसतोय की" म्हणून लावतात. बसतो, पण थोडा ढिला, आणि ऐंशी वर्षं गंजलेल्या नटावर ढिला पाना म्हणजे दोन झटक्यात नट गोल. एक चांगला इंची सॉकेट सेट घ्या, महाग वाटला तरी.

आता सगळ्यात कॉमन चूक. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे आहेत. घड्याळाच्या दिशेने फिरवले की ते सुटतात. माझ्या स्वतःच्या जीपीडब्ल्यूचे डाव्या बाजूचे तीन स्टड एका गॅरेजवाल्याने पाइप लावून तोडले होते, मी चहा प्यायला गेलो होतो तेवढ्यात, आणि वर मला म्हणाला "साहेब लई जाम होते". स्टडच्या टोकावर "एल" ठोकलेलं सापडतं, ब्रशने घासून बघा. पाट्यांच्या शॅकलमध्ये (स्प्रिंगच्या पाट्या चासीला जोडणारी कडी) पण काही ठिकाणी उलटे आटे आहेत, तिथे पण जोर लावायच्या आधी दिशा बघायची.

गंजलेल्या सगळ्या नटांवर डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ ऑइल अर्धं-अर्धं मिसळून सोडा आणि घरी जा. दुसऱ्या दिवशी परत सोडा. हे आठवडाभर करायचं, कंटाळा आला तरी.

## ३. चाकं

लढाईच्या जीपला बहुतेक करून दोन तुकड्यांची रिम असते, कॉम्बॅट रिम, दोन्ही अर्धी आठ नटांनी एकमेकांना बांधलेली. हबला चाक धरणारे पाच नट वेगळे, ते मधल्या गोलात.

सावध: टायरमध्ये हवा असताना ते आठ नट कधीही ढिले करायचे नाहीत. रिमचे दोन भाग बंदुकीसारखे सुटतात आणि समोर जो असेल त्याचं तोंड जातं. आधी व्हॉल्व्हची पिन पूर्ण बाहेर काढा, हवा गेली, टायर दाबून बघितला, तार घालून बघितली की व्हॉल्व्ह चोंदलेला नाही ना, आणि मगच पाना. पंक्चरवाल्याकडे चाक पाठवताना हे त्याच्या कानात सांगून चालत नाही, तिथे उभे राहा. त्या पोराने आयुष्यात अशी रिम बघितलेली नसते.

गाडी उचलून जॅकस्टँडवर ठेवायची, विटांवर नाही, वीट अचानक फुटते. आणि हँडब्रेक ओढलाय म्हणून निर्धास्त राहू नका, या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाहीच, तो फोर व्हीलच्या बॉक्समागे शाफ्टवर आहे. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफमधून (डिफरन्शियल, दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर) ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक असून नसल्यासारखा. जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा.

## ४. ब्रेक, होय, इंजिनाच्या आधी

यावर लोक माझ्याशी भांडतात. पण मी इतक्या वेळा बघितलंय की आता ऐकत नाही. इंजिन एकदा चालू झालं की माणूस थांबत नाही, "फक्त गेटपर्यंत" म्हणून निघतो आणि गेट तोडून येतो. म्हणून ब्रेक आधी.

या जीपला चारही चाकांना मिळून एकच सर्किट आहे. एक पाइप फुटला, एक रबर गेलं की चारही चाकांचा ब्रेक गेला, पेडल सरळ फळीला टेकतं. त्यामुळे इथे अर्धवट काम नाही:

मास्टर सिलिंडर पेडलजवळ फळीच्या खाली आहे, चिखल आणि पाणी तिथेच साचतं, त्यामुळे आतून खड्डे पडलेले असतात. बोटाने आतली भिंत चाचपा, नख अडलं तर नवीन घ्या किंवा लेथवाल्याकडून आत स्लीव्ह बसवून घ्या, नुसतं रबर किट टाकून चालणार नाही. चारही व्हील सिलिंडर तसेच. लोखंडी पाइप सगळे नवे, रबरी होज सगळे नवे. फ्रिजवाल्याकडचा मऊ तांब्याचा पाइप स्वस्त मिळतो म्हणून लावणारे आहेत, तो हादऱ्याने चिरतो, नको.

ड्रम उघडल्यावर आत ओलं दिसलं तर ते ब्रेक ऑइल आहे की हबच्या सीलमधून आलेलं गिअर ऑइल, वास घेऊन ओळखा. गिअर ऑइलचा वास एकदा घेतला की विसरत नाही. सील बदलल्याशिवाय नवे लायनर लावले तर ते पण आठवड्यात भिजतात, आणि भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत वापरायचा नसतो, कितीही जुना मिस्त्री सांगू दे.

ऑइल डॉट-३ किंवा डॉट-४ एवढंच. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल यातलं एक थेंब गेलं तरी सगळी रबरं फुगतात. हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू. महायुद्धातली जीप डाव्या हाताची, म्हणजे मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं.

तपासा: पेडल जोरात दाबून एक मिनिट धरून ठेवा. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय. रात्रभर चाकांखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, सकाळी डाग दिसतात.

## ५. पेट्रोलची टाकी आणि पंप

टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. जुनं पेट्रोल उघडताच नाकाला वार्निशसारखा वास येतो. त्यात नवं पेट्रोल ओतून "पातळ करून" चालवायचं नाही, तो चिकटा कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. टाकी खाली उतरवा, ती ज्या खोलगट भागात बसते तिथे पाणी साचून गंज धरतो, त्याची भोकं उघडी आहेत का ते पण बघा. टाकीत मूठभर जुने नट आणि व्हिनेगर घालून हलवा, रिकामी करा, धुवा, लगेच सुकवा.

सावध: टाकीला वेल्डिंग किंवा गॅस कटर लावायचा नाही, दहा वर्षं रिकामी असली तरी. वाफ आत राहते.

आजकाल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही, पंपाचा पडदा वर्षभरात मऊ पडून फाटतो. इथेनॉल झेपणाऱ्या रबराचा पडदा आणि तसेच होज घ्या, विक्रेत्याला स्पष्ट विचारून. पडदा फाटला तर पेट्रोल सरळ इंजिनच्या चेंबरमध्ये (खालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि वास पेट्रोलचा आला तर गाडी चालू करू नका, ऑइल आपोआप कधी वाढत नसतं.

## ६. इंजिन हाताने फिरवायचं

आता इंजिन. पण अजून बॅटरी नाही.

प्लग चारही काढा. आता सगळे जण प्लगच्या भोकातून तेल ओततात आणि आठवडाभर वाट बघतात, काही होत नाही, मग जोर लावतात. साइड व्हॉल्व्ह इंजिनात ते भोक पिस्टनच्या बरोबर वर नसतं, व्हॉल्व्हच्या बाजूला असतं. ओतलेलं तेल व्हॉल्व्हवर जाऊन बसतं, पिस्टनपर्यंत थोडंच जातं. वाकडी नळी लावून, सिरिंजने, पिस्टनच्या बाजूला मारा. किंवा सरळ हेडच काढा, या इंजिनाचं हेड म्हणजे नुसतं झाकण आहे, त्यात व्हॉल्व्ह नाहीत काही नाही, दोन तासांचं काम. मी तर म्हणतो वीस वर्षं उभी असेल तर हेड काढाच, सिलिंडरची भिंत डोळ्यांनी दिसते, अंदाज करत बसावं लागत नाही.

चार-पाच दिवस मुरल्यावर गिअर न्यूट्रलला आहे हे दोनदा बघून पुढचं हँडल लावा आणि थोडं पुढे, थोडं मागे. नुसतं डोलवायचं. एक सूत हलला तरी आज पुरे, परत तेल. हँडलला लांब पाइप जोडायचा नाही. आणि हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, भोवती वळवायचा नाही, ही सवय आत्ताच लावा, पुढे इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो.

इंजिन फिरायला लागलं की बाजूचं टॅपेट कव्हर उघडा आणि कुणाला तरी हँडल मारायला सांगा. आठही व्हॉल्व्ह वर-खाली होतायत का? उभ्या गाडीत एखादा व्हॉल्व्ह वरच अडकलेला असतोच, तेल सोडून हलक्या हाताने खाली आणायचा. बरं हे की या इंजिनात अडकलेला व्हॉल्व्ह पिस्टनला धडकत नाही. टॅपेटचा क्लिअरन्स (फट) एमबीला थंड इंजिनवर ०.०१४ इंच.

मग चेंबर खाली उतरवा. नुसतं ऑइल बदलून भागत नाही, तळाला डांबरासारखा काळा गाळ असतो आणि ऑइल ओढणारी जाळी त्यातच बसलेली. नवं ऑइल पातळ, ते गाळ हलवतं, जाळी चोंदते, बेअरिंग जातं.

अजून एक. ऑइल पंप इंजिनच्या बाहेरून बाजूला बसतो, नट दिसतात, काढावासा वाटतो. डिस्ट्रिब्युटर (प्लगना क्रमाने ठिणगी वाटणारा भाग) त्याच पंपाच्या शाफ्टवर फिरतो. पंप काढला की टायमिंग गेलं. काढायचाच असेल तर आधी एक नंबरचा पिस्टन कम्प्रेशनला वर आणून डिस्ट्रिब्युटरमधला रोटर कुठे बघतोय त्याचा फोटो काढा.

क्लचकडे पण आत्ताच बघायचं. उभ्या गाडीत क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. पेडल दाबून, गिअरमध्ये टाकून एक चाक हाताने फिरतंय का बघा. चिकटलेल्या क्लचवर गाडी चालू केली तर ती गिअरमध्ये थांबत नाही, सुटते.

## ७. ६ व्होल्टची वायरिंग

१२ व्होल्टची बॅटरी लावून "पटकन बघू" हा मोह टाळा, बल्ब, काटे, कॉइल एकेक करत जातात. ६ व्होल्टला करंट दुप्पट लागतो म्हणून केबल पण जाड हवी. मारुतीची बॅटरी केबल लावून स्टार्टर हळू फिरतो म्हणून स्टार्टर दोनदा बांधून घेतलेले लोक मला माहीत आहेत, दोष केबलचा होता. इंजिन रबरावर बसलेलं असतं त्यामुळे इंजिन ते चासी अशी अर्थची पट्टी लागतेच, आणि तिच्याखालचा रंग खरवडून.

जुनी कापडी वायर वाकवल्यावर तडकली तर पूर्ण हार्नेस (गाडीच्या सगळ्या वायरींचा जुडगा) बदला. टेप गुंडाळू नका.

सीबी पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधले कॉन्टॅक्ट) गॅप ०.०२० इंच, प्लग गॅप ०.०३० इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. प्लगच्या वायरी लावताना रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते हँडल मारून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्याच दिशेने क्रम लावा. अर्ध्या "कार्बोरेटरच्या" तक्रारी इथेच असतात.

## ८. स्टार्टर

आता. गाडी उघड्यावर, आगीचं सिलिंडर हाताशी, रेडिएटर भरलेला, इंजिनच्या बाजूचे वेल्श प्लग (ब्लॉकची भोकं बंद करणारी पत्र्याची गोल झाकणं) गळत नाहीत हे बघितलेलं.

प्लग काढलेलेच ठेवून पायाने स्टार्टर दाबा, दहा सेकंद, थांबा, परत दहा सेकंद. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. हलला नाही तर इथेच थांबा आणि ऑइल पंपात ऑइल भरा. काटा हलला की प्लग लावा, पेट्रोलच्या पंपाच्या तोंडाला जमिनीवर ठेवलेल्या स्वच्छ कॅनमधून दोन लिटर ताजं पेट्रोल द्या, चोक ओढा आणि दाबा.

चालू झाली की आवाजाकडे नाही, काट्याकडे बघा. दहा-पंधरा सेकंदात प्रेशर नाही आलं तर बंद. निळा धूर पहिल्या दिवशी येणारच, तुम्ही ओतलेलं तेल जळतंय ते. अर्ध्या तासानंतरही येत राहिला तर रिंगा. गरम झाल्यावर आयडलला १० पीएसआयच्या खाली काटा गेला तर बेअरिंगकडे लक्ष द्यायची वेळ आलीय. इंजिन गार झालं की हेडचे नट मधून बाहेरच्या क्रमाने परत एकदा कसा, आणि हे पहिलं ऑइल तासाभराच्या चालण्यानंतर टाकून द्या.

## ९. रस्त्यावर

गिअरबॉक्स, फोर व्हील बॉक्स, दोन्ही डिफ, सगळ्यांचं ऑइल बदललेलं असलंच पाहिजे. गिअरबॉक्समध्ये पितळी रिंगा आहेत, त्यामुळे दुकानदार जे पहिलं देतो ते जीएल-५ नको, ९० नंबरचं जीएल-४ मागा. फोर व्हील डांबरी रस्त्यावर लावायचा नाही, या बॉक्समध्ये पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधला फरक सोडवायला काही नाही, वळणावर सगळा ताण शाफ्टवर येतो आणि मग लिव्हर निघता निघत नाही. पहिल्या पाच किलोमीटरनंतर थांबून चारही ड्रमला हात लावा. एकच गरम असेल तर तो धरतोय.

## १०. पत्रा आणि रंग

रंग इतका शेवटी का, तर आधी रंग मारलेल्या गाडीवर काम करताना माणूस पानाच नीट लावत नाही. खालच्या पत्र्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांमध्ये मूळ गाडीत लाकूड भरलेलं असतं, ते कुजून पाणी धरून ठेवतं, तिथे टोकदार स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आरपार गेला तर पट्टी कापून बदलायची. सँडब्लास्टिंग चासीला करा, बॉडीच्या मोठ्या सपाट पत्र्यांना नको, पत्रा लहरतो आणि मग कुठलाच डेंटर तो सरळ करू शकत नाही.

## ११. पावसाळा आणि उभं ठेवणं

"दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो" हे मी फार ऐकतो. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, आत पाण्याची वाफ धरते, ऑइलमध्ये उतरते, सायलेन्सर आतून सडतो. एकतर पंधरवड्यातून अर्धा तास नीट चालवा, नाहीतर सोडून द्या. सोडायची असेल तर जूनच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भरा, बॅटरी काढून घरात आणा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल (वाकड्या नळीने), चासीच्या सगळ्या निपलना ग्रीस, हँडब्रेक सोडलेला आणि चाकांना ओंडके. क्लचचं पेडल लाकडी ठोकळ्याने थोडं दाबून ठेवलं तर प्लेट चिकटत नाही. प्लास्टिकचं कव्हर टाकू नका, खाली घाम येतो, जुनी चादर बरी. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. आणि सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबा, उंदीर तिथूनच आत जातात. गाडी काढताना बोळा काढायचा लक्षात राहावं म्हणून मी त्याला लाल दोरी बांधून ती स्टिअरिंगपर्यंत आणून ठेवतो.